झानार्कंडची वारी

संपादकांचा फोन आला तेव्हा आम्ही मेथी निवडत बसलो होतो. "ह्या अंकाला प्रवासवर्णन हवंय," असा हुकूम झाला. आता आली का पंचाईत! मंडळातली निम्मी मंडळी दर डिसेंबरात न्यूझीलंड नाहीतर जपान करून येतात. आमचा प्रवास मात्र वर्षानुवर्षे एकच : चांगी ते मुंबई आणि मुंबई ते फलटण. त्याचे वर्णन ते काय करणार? सौ. म्हणाली, "तुमच्या त्या गेमचं लिहा की. दोन दोन तास त्यातच फिरत असता!" टोमणाच होता तो. पण आम्ही तो मनावर घेतला. वाचकांनी पुढच्या दोन-तीन पानांचा दोष तिच्या पदरी घालावा.

तर हा प्रवास आहे स्पायरा नावाच्या देशाचा. हा देश नकाशात नाही. 'फायनल फँटसी' ह्या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेतल्या दहाव्या भागात तो आहे, आणि आम्ही तो दोनदा पायी ओलांडला. पहिल्यांदा २००३ साली, जुरोंग वेस्टमधल्या भाड्याच्या खोलीत. दुसऱ्यांदा वीस वर्षांनी, चिरंजीवांबरोबर. (ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावे. पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे.)

आमच्या लहानपणी फलटणला 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचे ते आठवते ना? एका कॅसेटवर लिहिलेले '९९९९९९ इन वन' आणि प्रत्यक्षात आत दहा-बारा गेम. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे. वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्याच काळात जपानमधली पोरे त्याच जातीच्या यंत्रावर पन्नास-पन्नास तासांच्या कादंबऱ्या खेळत होती, हे आम्हाला कुठून कळणार? त्यांच्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी असायची. आज जिथे सोडले तिथून उद्या पुढे सुरू. आपल्याकडच्या त्या स्वस्त कॅसेटींत बॅटरीच नसे. म्हणजे एका बटणाएवढ्या सेलसाठी आमची अख्खी पिढी लांबलचक गोष्टींना मुकली! इंजिनिअर माणसाला हे फार लागते.

ह्या मालिकेचा पहिला भाग १८ डिसेंबर १९८७ ला जपानात आला. कंपनी स्क्वेअर, कर्ता हिरोनोबु साकागुची. 'फायनल' हे नाव कंपनीचा शेवटचा डाव म्हणून पडले, अशी एक आवडती कथा आहे; पण 'एफ एफ' अशी आद्याक्षरे जुळणारे नाव हवे होते, हे साकागुचींनीच २०१५ मध्ये सांगून टाकले. तेव्हापासून क्रमांकाचे सोळा भाग झाले, सोळावा २०२३ च्या जूनमध्ये. गंमत अशी की प्रत्येक भागात जग नवे, माणसे नवी, गोष्ट नवी. सारखे काय, तर पिवळे धमक चोकोबो पक्षी, काही मंत्रांची नावे, आणि सिड नावाचा एक गृहस्थ, जो बहुधा विमानवाला नाहीतर इंजिनिअर असतो. आपल्या मंडळातही प्रत्येक कार्यकारिणीत असा एक सिड असतोच, माईक दुरुस्त करणारा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या तिन्ही भागांचा मुख्य प्रोग्रामर जपानी नव्हताच. नासिर गेबेली हा इराणी वंशाचा अमेरिकन. मधेच त्याचा कामाचा व्हिसा संपला आणि त्याला कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोला परतावे लागले. मग काय, कंपनीने बाकीची माणसे आणि सामानसुमान उचलून त्याच्यामागे सॅक्रमेंटोला नेले आणि गेम तिथे पुरा केला! आमचा पास संपल्यावर आमच्यामागे कुठली कंपनी येईल, असा विचार करून आम्ही कितीदा हसलो आहोत.

असो. २००२ च्या जुलैत आम्ही एनटीयूत एमएस्सी करायला आलो. जुरोंग वेस्टमध्ये एका एचडीबी ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर एका खोलीत तिघे : एक कोल्हापूरकर, एक अमरावतीकर आणि आम्ही. रविवारी लिटल इंडिया ठरलेली. टेक्कात भाजी, कोमला विलासमध्ये डोसा, दहा डॉलरचे फोनकार्ड, आणि मग भाजीच्या पिशव्या घेऊन रोचोर कॅनॉलच्या कडेने चालत सिम लिम स्क्वेअर. तिथे सहा मजले काचेत नाक खुपसून फिरायचे आणि काही न घेता परत यायचे. मायदेशी परतणाऱ्या एका सीनिअरने आपला प्लेस्टेशन टू आम्हाला स्वस्तात दिला, तेव्हा आम्ही पहिल्यांदा सिम लिममधून काहीतरी विकत घेऊन निघालो. तो हा दहावा भाग. जपानात तो १९ जुलै २००१ ला आला होता. बरोबर आठ एमबीचे मेमरी कार्डही घ्यावे लागले. त्या महिन्यात तिघांनीही बाहेर जेवण बंद ठेवले.

आणि मार्चमध्ये सार्स आला. आज तो शब्द कुणाच्या लक्षात नाही, पण २००३ च्या त्या वसंतात सिंगापूरमध्ये २३८ जणांना लागण झाली आणि ३३ माणसे गेली. शाळा बंद झाल्या. रोज ताप मोजून घ्यायचा. एमआरटीत कुणी खोकले की डबा रिकामा. लिटल इंडियाचा रविवार बंद पडला आणि आम्ही तिघे त्या खोलीत त्या गेमसह कोंडले गेलो. (योगायोग असा की त्याच एप्रिलच्या १ तारखेला स्क्वेअर आणि एनिक्स ह्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.) घरी फोनवर मात्र आम्ही सांगायचो, "इथे काही नाही, पेपरवाले उगाच वाढवून लिहितात." अण्णा विचारायचे, "बरा आहेस ना? पैसे पुरतात ना? धर, आईशी बोल." त्यांचा आमच्याशी फोन एवढाच. एसटीच्या डेपोत तीस वर्षे इंजिनांशी बोललेला माणूस, फोनशी काय बोलणार.

गेमची गोष्ट थोडक्यात अशी. स्पायरात 'सिन' नावाचा एक अजस्र प्राणी समुद्रातून येतो आणि गावेच्या गावे पुसून टाकतो. त्याला शांत करायला यूना नावाची सतरा वर्षांची मुलगी तीर्थयात्रेला निघते. बेसेड, किलिका, जोझे, मॅकलेनिया, बेव्हेल अशी एकेक मंदिरे करत शेवटी बर्फाचा डोंगर ओलांडून झानार्कंडच्या भग्न नगरीत पोचायचे. बरोबर रक्षक असतात. त्यांत टीडस हा एक उपरा पोरगा. तो हजार वर्षांपूर्वीच्या झानार्कंडमधून इथे येऊन पडलेला. त्याला इथले काहीच ठाऊक नाही. शिवाय त्याचे बापाशी वैर. बाप जेक्ट मोठा खेळाडू, दारुडा, पोराला सतत 'रडका' म्हणून हिणवणारा, आणि दहा वर्षांपूर्वी नाहीसा झालेला.

पहिल्या खेपेला आम्हाला गोष्टीपेक्षा यंत्रणा आवडली, हे कबूल करतो. आधीच्या भागांत लढाईत एक पट्टी भरत जायची आणि घाई करावी लागायची. इथे घाई नाही. कोपऱ्यात पुढचे क्रम लावून ठेवलेले : आता कुणाची पाळी, नंतर कुणाची. माणूस बदलायचा तर ऐन लढाईत बदला. पात्रांची वाढ दाखवणारा जो जाळीदार तक्ता आहे, तो तर अगदी सर्किट बोर्डासारखा. कोल्हापूरकर त्याच्या चित्रावर पेन्सिलीने मार्ग आखायचा. मग ते विजांचे मैदान. तिथे कडाडणारी वीज ऐन क्षणी बटण दाबून चुकवायची, आणि ओळीने दोनशे वेळा चुकवली तर एक बक्षीस. अमरावतीकर एका संध्याकाळी एकशे चाळीसच्या पुढे गेला होता. तेवढ्यात बाहेर खरी वीज कडाडली आणि ब्लॉकची लाईट गेली. सिंगापुरात वर्षातले दीडशेहून जास्त दिवस विजा होतात, हे त्याला कुणी आधी सांगायला हवे होते. पठ्ठ्या तीन दिवस आमच्याशी बोलला नाही.

स्पायरात 'अल भेद' नावाची एक जमात आहे, यंत्रे वापरणारी, म्हणून बाकीच्यांना नकोशी. नावातच भेद! त्यांची भाषा म्हणजे इंग्रजीचीच अक्षरे उलटपालट केलेली. वाटेत एकेक पुस्तिका सापडते आणि एकेक अक्षर उलगडते. सव्वीस पुस्तिका, सव्वीस अक्षरे. आम्हाला ते फार ओळखीचे वाटले. त्या वर्षी आम्हीही असेच एकेक अक्षर शिकत होतो. 'कॅन' म्हणजे हो, 'कॅन लाह' म्हणजे हो की, 'कॅन मेह?' म्हणजे छे, कसं शक्य आहे. एमआरटीतल्या मलय घोषणेत पहिले दोन महिने निव्वळ गोंगाट होता. मग कुणीतरी सांगितले की 'बहासा' म्हणजे आपली भाषा, 'गुरु' म्हणजे गुरुच, 'रसा' म्हणजे चव. एकदम दिवे लागल्यासारखे झाले.

आणि ते देखावे! जपानी गेम असून स्पायरा जपानसारखा दिसत नाही. ऊन, नारळ, पाण्यावर खांब रोवून बांधलेली घरे. करणाऱ्यांनीच सांगितले आहे की त्यांनी दक्षिण पॅसिफिकची बेटे, थायलंड आणि जपान डोळ्यांपुढे ठेवले होते. साथ ओसरल्यावर जूनमध्ये आम्ही तिघे पुलाव उबिनला गेलो. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा माणसे जमली की लाकडी होडी सुटते. अकरावर थांबून असतो आपण बाराव्याची वाट बघत. पलीकडे पत्र्याची घरे, कोंबड्या, सायकली, फणस. भरती ओसरली की चेक जावाचा चिखल उघडा पडतो. तिथे भराव घालायचे ठरले होते, ते लोकांनी आग्रह धरल्यावर २००१ च्या डिसेंबरात पुढे ढकलले गेले, म्हणून तो आजही आहे. कोल्हापूरकर धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "भावा, हे तर किलिका!" खरे तर किलिका म्हणजेच हे. पण आम्ही पडद्यावर आधी पाहिले होते.

गेम संपला तेव्हा आमचे मत काय झाले? चित्रे झकास, संगीत उत्तम (विशेषतः नोबुओ उएमात्सूंची पियानोची ती सुरुवात), पण गोष्ट रडकी. अमरावतीकर सातव्या भागाचा भक्त. १९९७ चा तो भाग त्याने मुंबईत मामेभावाकडे खेळला होता आणि त्यातली एरिस मेल्याचे दुःख त्याला अजून होते. त्याचा आक्षेप असा की दहाव्यात रस्ता एकच. आधीच्या भागांत विमानातून जगभर हिंडता यायचे. इथे बेसेडपासून झानार्कंडपर्यंत सरळ चालत राहायचे, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. दुसरा आक्षेप : मधली दृश्ये बटण दाबून पुढे सरकवता येत नाहीत. तिसरा : लुका शहरातले ते हसणे. टीडस आणि यूना एका कठड्याशी उभे राहून खोटेखोटे, कर्कश 'हा हा हा' करून हसतात. पात्रांना पहिल्यांदाच आवाज दिला आणि हे ऐकवले! त्या हसण्याची जगभर थट्टा झाली. आम्हीही महिनाभर भांडी घासताना तसेच हसत होतो.

नंतर आम्ही तिघे पांगलो. नोकरी, लग्न, पीआर, चिरंजीव. मालिका चालू होती, आम्ही कधी तिच्याबरोबर, कधी मागे. बारावा आवडला. तेरावा अर्ध्यात सोडला; त्यातही रस्ता सरळच, पण त्या रस्त्यावर गावे नव्हती, नुसता बोगदा. चौदावा २०१० मध्ये इतका फसला की कंपनीने माफी मागून २०१३ मध्ये तो नव्याने बांधून काढला. (असे धैर्य सॉफ्टवेअरच्या धंद्यात फार थोड्यांनी दाखवले आहे.) पंधराव्यात चार तरुण मोटार घेऊन हिंडतात आणि झाडाखाली स्वयंपाक करतात; तो खेळताना जुरोंग वेस्टची खोली आठवली. २०२० च्या एप्रिलमध्ये सिंगापूरला 'सर्किट ब्रेकर' लागला आणि तीनच दिवसांनी सातव्या भागाचा नवा अवतार आला. अमरावतीकराचा ह्यूस्टनहून मेसेज : "एरिसला वाचवता येतं का बघ."

त्या वर्षी आषाढी वारी पायी निघाली नाही. आमचे घर फलटणचे, म्हणजे माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे. लहानपणापासून आमचे वर्ष पालखीने मोजलेले. नीरा ओलांडली, लोणंद झाले, चांदोबाच्या लिंबाला रिंगण झाले, तरडगाव, की दुसऱ्या दिवशी विमानतळावर तंबूंचे शहर. अण्णा रिटायर झाल्यावर सहा वर्षे पायी गेले. २०२० ला पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. अण्णा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "चला, शेवटी एसटीच कामाला आली." एवढे लांब वाक्य ते आमच्याशी क्वचितच बोलले असतील.

२०२१ च्या एप्रिलअखेर त्यांना ताप आला. हे आम्हाला नंतर कळले. तेव्हा कळत होते ते असे : "अण्णा झोपलेत." "अण्णा मागच्या खोलीत आहेत, तिथे रेंज नाही." "औषध घेतलंय, आता बोलायला नको." आई हसून सांगायची. बहीण विषय बदलायची. "दादा, तिकडे लस मिळाली का रे तुम्हाला?" आम्ही आपले जूनचे बेत सांगत होतो : दार उघडले की येऊ, अण्णांना नवा फोन आणू, ह्या वेळी त्यांना सिंगापूरला घेऊन जाऊ. पलीकडे क्षणभर शांतता आणि मग आई म्हणायची, "हो हो, आणा की." नऊ दिवस असे चालले. दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवल्याचे आम्हाला शेवटच्या रात्री सांगितले. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. दूधवाल्याला ठाऊक होते.

भारतातून येणाऱ्या पासधारकांना सिंगापूरने २४ एप्रिलपासून बंदी केली होती. आम्ही पीआर, आम्हाला परतायची मुभा होती. परतल्यावर तीन आठवडे विलगीकरण, तेही केले असते. पण विमान मिळून पोचेपर्यंत काही उरले नसते. विधी चुलतभावाने केले. आम्ही फोनवर पाहिले. मधेच नेटवर्क गेले आणि चित्र थांबले ते चुलतभावाच्या पाठीवरच.

कुणावर राग धरावा? लांब आहे, उगाच घाबरेल, करणार काय तो तिथून, ह्या मायेपोटीच लपवले. आम्हीही २००३ ला तेच केले होते. तरी राग गेला नाही. आईशी त्या विषयावर आम्ही दोन वर्षांहून जास्त बोललो नाही.

२०२२ ला चिरंजीवांची पीएसएलई झाली. बक्षीस म्हणून सुट्टीत रोज दोन तास गेम मंजूर झाला. दहावा भाग २०१९ पासून स्विचवर मिळतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा तुमच्या वेळचा ना?" आम्ही शेजारी बसलो. मार्गदर्शक म्हणून.

आणि मंडळी, हा गेम तो नव्हताच! म्हणजे अक्षर न् अक्षर तेच होते. पण पहिल्या खेपेला आम्ही टीडस होतो. आम्हाला शेवटाकडे कळले की तीर्थयात्रा पुरी करणारी यूना परत येत नसते. सिनला शांत करणारी ती विद्या करणाऱ्याचा जीव घेते. हे स्पायरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या उपऱ्याला. आता दुसऱ्या खेपेला ते सगळे जाणते चेहरे दिसायला लागले. टीडस उत्साहाने सांगत असतो, सिनला हरवले की आपण असे करू, तसे करू, यूनाला झानार्कंड दाखवू. तो बोलला की लुलू दुसरीकडे बघते. वाक्का डोके खाजवतो. यूना हसते आणि "हो" म्हणते. हे सगळे २००३ मध्येही पडद्यावर होते. आम्ही तिघांनी पाहिलेच नाही.

लुकाचे हसणे आले. चिरंजीव खो खो हसले, "बाबा, किती बॅड ॲक्टिंग!" आम्ही त्यांना मागचे दहा सेकंद नीट बघायला सांगितले. टीडसला नुकतेच कळले आहे की सिन म्हणजे त्याचा बापच. यूनाला आपले मरण ठाऊक आहे. ती त्याला म्हणते, दुःख असले तरी हसायची सवय करायला हवी. आणि दोघे जबरदस्तीने हसून बघतात. ते खोटे वाटते कारण ते खोटेच आहे. वीस वर्षे जगाने ज्याची टिंगल केली, तो गेममधला सगळ्यात खरा प्रसंग आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. आईचे ते "हो हो, आणा की" आम्हाला त्या दिवशी पुन्हा ऐकू आले.

रस्ता सरळ असल्याची तक्रारही आम्ही मागे घेतली. वारीचा रस्ता सरळच असतो. लोणंदहून आज जरा बारामतीकडे वळून येऊ, असे कुणी म्हणत नाही. मुक्काम ठरलेले, क्रम ठरलेला. चालणारे एकमेकांना काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, त्यातच वारी. फरक एवढाच की आपला वारकरी घरी परत येतो.

मॅकलेनियाच्या जंगलात बापाने दहा वर्षांपूर्वी पोरासाठी ठेवलेली चित्रफीत सापडते. जेक्टला बोलता येत नाही. तो घसा खाकरतो, काहीतरी दरडावल्यासारखे सुरू करतो, अडखळतो, तुझ्यावर माझा विश्वास आहे असे कसेबसे उरकतो आणि बंद करतो. २००३ ला आम्ही "पुढे ढकल रे" म्हणून ओरडलो होतो, आणि ते ढकलता येत नाही म्हणून वैतागलो होतो. ह्या वेळी चिरंजीव आमच्याकडे बघायला लागले. मग आम्ही त्यांना आमच्या फोनमधली एक गोष्ट ऐकवली. अण्णांनी २०१९ ला, नवा फोन घेतल्यावर, नातवाला पाठवलेला आवाजी निरोप. अडतीस सेकंदांचा. त्यातले तीस सेकंद पंख्याचा आवाज. मग, "चालू झालं का हे? ... बरं. अभ्यास कर. सायकलला ब्रेक नीट आहेत का बघ." संपले. चिरंजीवांनी तो दोनदा लावला. "आजोबांना ब्रेकचं का पडलं होतं?" म्हणाले. तीस वर्षे तेच बघितले रे त्यांनी, आम्ही म्हणालो.

किलिकाचा प्रसंग पुन्हा खेळलो तो २०२३ च्या ऑगस्टात. शाळेमुळे गाडी हळू चालली होती आणि मधे चिरंजीवांनी चुकून जुन्या नोंदीवर नोंद करून ठेवल्याने बराच भाग पुन्हा चालावा लागला. (बॅटरी असूनही माणूस चुकतोच.) सिनने गाव पुसल्यावर यूना पाण्यावर अनवाणी नाचते आणि मेलेल्यांना वाट दाखवते. नाहीतर ते मागेच राहतात, जिवंतांचा हेवा करत. त्याच वेळी खाली चिनी सातवा महिना सुरू होता. ब्लॉकखालच्या पत्र्याच्या पिंपांत कागदी नोटा जळत होत्या, कठड्याला संत्री आणि उदबत्त्या. पलीकडच्या मैदानात गेताईचा मांडव, गाण्यांचा दणका, आणि पुढची खुर्च्यांची रांग रिकामी, आलेल्या भुतांसाठी राखलेली. चिरंजीव लहानपणापासून बघत आलेले. त्यांना समजावून सांगावे लागले नाही. उलट तेच म्हणाले, "पण बाबा, जो पाठवतो तो तिथे असावा लागतो का? फोनवर चालतं का?"

आम्ही उत्तर दिले नाही. महिन्याभराने पितृपक्ष आला, तेव्हा आम्ही आईला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारले, त्या नऊ दिवसांत काय काय झाले ते सांग. आई तासभर बोलली. अण्णांनीच बजावले होते म्हणे. "त्याला कळवू नका, तो येईल." दवाखान्यात नेताना रिक्षाचे गिअर घासतात म्हणून त्यांनी ड्रायव्हरला झापले होते. हे सांगताना आई हसली, आणि ते हसणे खरे होते.

गेम अजून संपलेला नाही. झानार्कंडच्या वेशीवर शेकोटी आहे, तिच्याभोवती सगळे बसले आहेत. पुढे बापाशी लढायचे आहे. चिरंजीव तिथे नोंद करून थांबले आहेत. आधी परीक्षा, मग एनसीसीचा कॅम्प, मग नुसतेच "नंतर, बाबा." आम्हीही आग्रह केला नाही. ह्या जूनच्या सुट्टीत फलटणला जायचे आहे. चिरंजीव काल विचारत होते, आजीच्या टीव्हीला एचडीएमआयची जागा आहे का. सौ. म्हणाली, "सामानात ते डबडं येणार नाही." आईला फोन करून टीव्हीच्या मागे बघायला सांगितले आहे. तिला तीन भोके दिसताहेत, कुठले कुठले ते कळत नाही. बहीण रविवारी जाऊन फोटो काढून पाठवणार आहे.